अठरा हजारांचा फोन, खाऱ्या वाऱ्यात टिकणारा

देवगडजवळच्या खाडीकाठच्या एका वाडीतून एका ताईंनी विचारलं आहे. बजेट अठरा हजार, त्याच्यावर एक रुपया जाणार नाही. घरचा हापूस आणि कोकम त्या व्हॉट्सॲपवरून मुंबई-पुण्याला विकतात, पैसे यूपीआयवर येतात. यजमान मासेमारीला जातात आणि अधूनमधून हाच फोन होडीवर नेतात. मुलगी बारावीला आहे, तिची लेक्चर्सही याच फोनवर. आधीचा फोन दुसऱ्या पावसाळ्यात चार्ज व्हायचा थांबला. आता दुकानदार १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा दाखवतो, भाचा प्रोसेसर बघ म्हणतो. नेमकं काय बघायचं?

ताई, मालवणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतचे फोन टेबलावर येतात. मुंबईत बसून केलेल्या फोनच्या परीक्षणांत एक गोष्ट कधीच नसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आपल्या किनाऱ्यावर फोन स्लो झाला म्हणून फारसं कोणी दुरुस्तीला येत नाही. चार्जिंगची पिन गंजली, माइक बसला, स्पीकर खरखरतो, डिस्प्लेच्या पट्ट्याला गंज चढला, या तक्रारी घेऊन लोक येतात. म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न ‘फोन किती फास्ट’ हा नाही. खारं वारं, पावसाळा आणि आपली रेंज यांत हा फोन चार वर्षं चालेल का, आणि बिघडला तर जवळपास आणि परवडेल अशा खर्चात दुरुस्त होईल का, हा आहे. बाकीचं सगळं यानंतर.

तुमचा आधीचा फोन कशाने गेला असेल, हे मी न बघताही बऱ्यापैकी सांगू शकतो. असे फोन उघडून मायक्रोस्कोपखाली धरले की टाइप-सी पोर्टच्या, म्हणजे चार्जर लावायच्या खाचेच्या, आतल्या पिनांच्या रांगा दिसतात. नव्या फोनमध्ये त्या सोनेरी असतात. आपल्याकडे दोन पावसाळे काढलेल्या फोनमध्ये एका पिनेभोवती हिरवट-पांढरी पूड जमलेली असते आणि ती पिन अर्धी खाल्लेली असते. शेजारच्या बऱ्याच पिना मात्र धडधाकट असतात. गंजणारी पिन बहुतेक वेळा तीच, चार्जरची वीज जिच्यातून आत येते ती. तिला लागूनच सीसी नावाची पिन असते. चार्जर जोडला आहे हे फोनला या पिनेवरून कळतं. हवा साधारण ७५ टक्क्यांपेक्षा दमट झाली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. घरातली मिठाची बरणी जूनमध्ये ओलसर होते ती यामुळेच, आणि आपली पावसाळी हवा त्या आकड्याखाली फारशी उतरतच नाही. पोर्टमध्ये बसलेल्या मिठाचा असा पातळ खारा थर होतो. चार्जर लावला की त्या थरातून एका पिनेकडून दुसरीकडे वीज झिरपते आणि तांबं विरघळायला लागतं. त्यासाठी फोन पाण्यात पडायला लागत नाही. मासळी साफ केलेल्या ओल्या हाताने रोज रात्री चार्जर लावला तरी पुरतं.

आता जाहिरातीत मोठ्या अक्षरात येणारे आयपीचे आकडे. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ आणि आयपी६४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा. आयपी६५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते आणि जाहीर करते. ९ म्हणजे गरम पाण्याचा जोरदार फवारा. बुडण्याची चाचणी त्यात येत नाही, म्हणून चांगल्या फोनवर ६८ आणि ६९ दोन्ही लिहिलेले असतात. लक्षात ठेवायचं ते हे, की या चाचण्या कोऱ्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी त्यात धरलेलं नाही. आत पाणी गेल्यावर वॉरंटीही साधारणपणे मिळत नाही. सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच बघतो.

तरीही मी तुम्हाला आयपी६८ चाच फोन घ्यायला सांगेन, आणि तो समुद्रात बुडवून बघायला मिळेल म्हणून मुळीच नाही. अशा फोनच्या सांध्यांत रबराची आणि गोंदाची सील असते. त्यामुळे खारी दमट हवा मदरबोर्डापर्यंत सहज पोहोचत नाही, आणि आपल्याकडे खरा फायदा याचाच होतो. पोर्टच्या पिना मात्र या फोनातही उघड्याच राहतात, तेव्हा त्यांची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. आणखी एक, हे दुकानात कोणी सांगत नाही: फोन एकदा उघडला की ती सील तुटते. डिस्प्ले बदलताना नवी सील बसवून घेतली नाही तर बॉक्सवर आयपी६८ लिहिलेलं असूनही तो साधा फोन होतो. दुरुस्ती कोणाकडेही करा, सील नवी बसवणार का, हे आधी विचारा.

दोन-तीन वर्षांपूर्वी हे बोलणं पंचवीस-तीस हजारांच्या फोनपुरतंच होतं. आता तसं नाही. रियलमी १४एक्स हा फोन डिसेंबर २०२४ मध्ये १४,९९९ रुपयांपासून आला, तो आयपी६८ आणि ६९ दोन्ही घेऊन. त्यानंतर या किमतीत इतर कंपन्यांचेही असे फोन आले. म्हणजे अठरा हजारांत ही गोष्ट मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुरुस्तीचं बोलतो, कारण फोन कधी ना कधी उघडावा लागणारच. दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळात जवळ कुठे आहे? कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, रत्नागिरी यापैकी काही सांगितलं तर ठीक. कोल्हापूर किंवा पणजी म्हटलं तर एक दिवस, गाडीभाडं आणि बहुतेक दुसरी फेरीही हिशेबात धरा. दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड घालून बघा आणि त्या सेंटरला एक फोन करा. दुसरा प्रश्न तुमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा: या मॉडेलचा चार्जिंग बोर्ड आणि डिस्प्ले मिळतो का? या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये चार्जिंगची पिन छोट्या वेगळ्या बोर्डावर असते. तो बोर्ड काही शे रुपयांत बदलता येतो. ज्या फोनात पिन मदरबोर्डालाच जोडलेली असते, तिथे काम किचकट होतं आणि बिलही वाढतं. जास्त खपणाऱ्या मॉडेलचे भाग सगळीकडे मिळतात. ज्याचं नाव गावात कोणी ऐकलेलं नाही असा फोन कागदावर कितीही छान असला, तरी त्याचा भाग यायला पंधरा-पंधरा दिवस लागतात. आंब्याच्या सीझनमध्ये तुम्हाला पंधरा दिवस फोनविना परवडणार आहेत का?

आता रेंज. आपल्या गावांत सड्यावर चारही काड्या असतात आणि खाली वाडीत उतरलं की ‘आउट ऑफ कव्हरेज’. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती. फोनच्या निवडीने टॉवर जवळ येत नाही, पण फरक पडतो. लहरींची फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ती लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. ते बरंचसं ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, म्हणजे बँड एन७८. वेग भरपूर, पण पोहोच कमी. जिओने २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झही घेतला, तो एन२८. डोंगर-खाडीच्या मुलखात खरा उपयोगाचा हाच. एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीचा आधार घेऊन. तेव्हा फोनमध्ये ५जीचे एन२८ आणि एन७८ असावेत. ४जीचे १, ३, ५, ८, ४० आणि ४१ असावेत. बीएसएनएलचं सिम असेल तर ४जीचा २८ सुद्धा बघा. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर ‘नेटवर्क’ या मथळ्याखाली मिळते. १३ बँड, १६ बँड असे नुसते आकडे मोजण्यात अर्थ नाही, हे ठरावीक बँड आहेत का तेवढं बघा. घरी फायबरचं वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालणारा फोन घ्या आणि ते सेटिंग चालू करा. माजघरात रेंज शून्य असली तरी फोन लागतो. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. वाऱ्यापावसात एक टॉवर गेला तर दुसरा चालू असण्याची शक्यता असते.

इथेच आखातातून येणाऱ्या फोनबद्दल सांगतो, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरटी कोणीतरी दुबई-मस्कतला किंवा बोटीवर असतो आणि येताना फोन घेऊन येतो. प्रेमाने आणलेली वस्तू, नाही म्हणवत नाही. पण तिथल्या आवृत्तीत आपल्याकडचे सगळे बँड असतीलच असं नाही. वॉरंटी बऱ्याचदा त्या देशापुरती असते. काही फोन तिथल्या सिमवर आधी कॉल केल्याशिवाय इथलं सिम घेत नाहीत. तुमच्यासारख्या एकाच फोनवर धंदा चालवणाऱ्या घराने इथलं बिल असलेला फोनच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीबद्दल आपल्याकडचा अनुभव पुरेसा बोलका आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, तेव्हा रायगड, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं, त्याच्या आठवणी तुमच्याकडेही असतील. वादळ नसलं तरी पावसाळ्यात रात्र-रात्र वीज जाते. म्हणून ६,००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी घ्या. बॅटरीच्या नव्या प्रकारांमुळे जाडी फारशी न वाढता एवढी बॅटरी बसते. ओप्पो के१३ एप्रिल २०२५ मध्ये १७,९९९ रुपयांना आला तो ७,००० एमएएच घेऊन. चार्जिंग ८० वॅट की ३३ वॅट, यावर जास्त पैसे घालू नका. रात्री झोपताना चार्जिंगला लावणाऱ्याला ३३ वॅट भरपूर झाले. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती रोज चालू ठेवा आणि वादळाचा इशारा आला की काढा. विजा कडाडत असताना चार्जर भिंतीत ठेवू नका. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर येणाऱ्या डेड फोनमध्ये असे बरेच असतात.

यूपीआयचं काम असल्याने अपडेटचा विचार करावाच लागतो. अँड्रॉइडच्या सुरक्षेतल्या चुका सारख्या सापडत असतात आणि कंपनी त्यावर सिक्युरिटी पॅच पाठवते. तो यायचा थांबला की फोन चालतो, पण पैशाच्या व्यवहारासाठी कमकुवत होत जातो. पुढे कधीतरी ॲपही जुन्या अँड्रॉइडवर चालायची बंद होतात. घेताना कमीत कमी चार वर्षांचे सिक्युरिटी पॅच जाहीर केलेले असावेत, तीनच्या खाली असलेला फोन उचलू नका. ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीला स्वस्तात मिळणाऱ्या दीड वर्ष जुन्या मॉडेलची तेवढी मुदत आधीच संपलेली असते. या बाबतीत सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी या १८,९९९ रुपयांपासून आलेल्या फोनला सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला आहे आणि तो मोलाचा आहे. पण त्याची पाण्याची रेटिंग आयपी५४ आहे, म्हणजे शिंतोड्यांपुरती. तुमची मुलगी उद्या शिकायला पुण्याला गेली तर तिच्यासाठी मी डोळे मिटून लांब अपडेटचा फोन निवडेन. खाडीकाठच्या घरासाठी आणि होडीसाठी आधी सील, मग अपडेट.

प्रोसेसरचं भाचा सांगतो ते चूक नाही, पण तुमच्या कामाला त्यातली खालची पायरीही चालते. डायमेन्सिटी ६३०० किंवा स्नॅपड्रॅगन ४ जेन २ यांपैकी कशावरही व्हॉट्सॲप, यूपीआय, लेक्चर्स आरामात चालतात. डायमेन्सिटी ७३०० किंवा स्नॅपड्रॅगन ६ जेन ४ मिळाला तर उत्तम. नावातल्या आकड्यावर भाळू नका. स्नॅपड्रॅगन ६एस जेन ३ हे नाव ऐकायला नवं, पण आत जवळजवळ जुनाच ६९५ आहे. रॅम ८ जीबी खरी हवी. ‘८ अधिक ८’ यातली दुसरी ८ म्हणजे स्टोरेजमधलीच जागा उसनी घेतलेली, तिचे पैसे देऊ नका. स्टोरेज १२८ जीबी किमान, आणि ते यूएफएस या वेगवान प्रकारचं असावं. जुन्या ईएमएमसी प्रकारचं स्टोरेज भरत आलं की फोन रखडायला लागतो आणि तुमचं व्हॉट्सॲप आंब्याच्या फोटोंनी भरणार हे नक्की.

डिस्प्लेबाबत निर्णय घेणं खरंच अवघड आहे, म्हणून थोडं थांबतो. अमोलेड प्रकारच्या स्क्रीनवर उन्हात चांगलं दिसतं, रंग उठून दिसतात, काळा खरोखर काळा दिसतो. एप्रिलच्या दुपारी बागेत उभं राहून गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर आंबा दाखवायचा तर याचा फरक कळतो. पण फुटला की खरा अमोलेड कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, बसवायचे चार हजारांच्या पुढेच जातात. साध्या एलसीडीचं काम त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत भागतं. बाजारात अमोलेडच्या जागी बसणारे स्वस्त नकली डिस्प्लेही मिळतात. ते बसवले की काचेखालचा फिंगरप्रिंट चालत नाही आणि बॅटरी लवकर उतरते. तुमच्या घरात फोन तीन हातांतून जाणार, होडीवर जाणार. मी असतो तर अमोलेडसाठी सील किंवा बॅटरी सोडली नसती. तिन्ही मिळत असेल तरच अमोलेड. जाहिरातीतले ‘४,५०० निट्स’ वगैरे उजेडाचे आकडे स्क्रीनच्या छोट्या तुकड्यावर, ठरावीक व्हिडिओपुरते असतात. ‘एचबीएम’ (हाय ब्राइटनेस मोड) म्हणून दिलेला आकडा बघा, तो हजाराच्या आसपास असला तर उन्हात वाचता येतं. त्याहून सोपं म्हणजे दुकानातला डेमो फोन हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात उभ्या राहा आणि एखादा मेसेज वाचून बघा. कुठलाही चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

फिंगरप्रिंट बाजूच्या बटणातला घ्या, काचेखालचा नको. आणि काजूचं काम, जाळ्याचं काम करणाऱ्या हातांना मी मुद्दाम सांगतो: काजूच्या टरफलातल्या चिकाने बोटांची साल निघते, दोरीने रेषा झिजतात आणि मग फोन बोट ओळखत नाही. एकच बोट दोनदा नोंदवून ठेवा, दुसऱ्या हाताचंही नोंदवा आणि पिन पाठ ठेवा. फोन बिघडला समजून लोक पंधरा-वीस मैलांवरून येतात आणि बिघाड काहीच नसतो.

कॅमेऱ्याला फार वेळ देत नाही. १०८ मेगापिक्सेलवाला फोन नेहमीच्या फोटोत नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, ५० वाला चार-चार एकत्र करून तेवढाच देतो. २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे संख्या वाढवायला लावलेले असतात. मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेणारी सोय, असेल तर संध्याकाळच्या उजेडात, पडवीत काढलेला फोटो हलत नाही. आंब्याचे फोटो सकाळी खळ्यात, सावलीत काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा. एवढ्याने जो फरक पडेल तो कॅमेऱ्यावर तीन हजार जास्त देऊन पडणार नाही.

यजमान होडीवर नेतात म्हणून दोन गोष्टी. एक, फोनमध्ये खरा कंपास आणि फोनचं वळणं ओळखणारा जायरो सेन्सर आहेत का ते यादीत बघा, स्वस्त फोनमध्ये यातला एखादा वगळलेला असतो. जीपीएसमध्ये एल१ या लहरीबरोबर एल५ ही दुसरी लहरही असेल तर जागा जास्त नेमकी कळते. जीपीएसला नेट लागत नाही. पण बंद जीपीएस भर समुद्रात चालू केलं तर उपग्रहांची माहिती सावकाश उतरते आणि जागा सापडायला वेळ लागतो. म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवायचा आणि बंदर सोडण्याआधी, रेंज असतानाच, तो उघडून जागा पकडून घ्यायची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: फोन कितीही चांगला असला तरी तो वायरलेसची, होडीची जागा कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची आणि लाइफ जॅकेटची जागा घेत नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्यांच्या फोनमध्येही ठेवा आणि तुमच्याही. होडीवर फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्येच, आत सिलिका जेलची पुडी टाकून.

आता पैशांची वाटणी. अठरा हजार सगळे फोनवर घालू नका. फोन पंधरा ते सोळा हजारांचा बघा: आयपी६८, ६,००० एमएएच किंवा वर, ८ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस, मी सांगितलेले बँड, सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात. उरलेल्या पैशांत कडा वर आलेलं जाड कव्हर आणि स्क्रीनची काच, बीआयएस मार्क असलेली १०,००० एमएएचची पॉवर बँक, पाऊच आणि पोर्टची सिलिकॉनची टोपणं. बॉक्समध्ये चार्जर येतो का ते आधी विचारा, नसेल तर हजारभर रुपये त्याचेही धरा. टोपण पोर्ट कोरडा असतानाच लावायचं, ओल्या पोर्टला लावलं तर ओल आतच कोंडते. चार्जर लावण्याआधी हात पुसायचे, पोर्टमध्ये बारीक फुंकर नाही, कारण तोंडातली वाफही ओलीच. फोन पुसून थोडा वेळ पोर्ट खाली करून ठेवायचा. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा पोर्टची आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफसफाई करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि चार्जिंग बोर्डाचं आयुष्य त्याने खूप वाढतं.

खाऱ्या पाण्यात फोन पडलाच तर बाहेर काढल्याबरोबर बंद करा आणि चार्जर अजिबात लावू नका. फोन आयपी६८ असेल, सील शाबूत असेल, तर गोड्या पाण्याने बाहेरून आणि पोर्ट हलकेच धुऊन काढा, म्हणजे मीठ निघेल. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, त्यात फक्त वेळ जातो आणि आत गंज चढत राहतो. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. पहिल्या काही तासांत बोर्ड धुतला गेला तर वाचायची आशा असते, चार दिवसांनी आणलेल्या फोनमध्ये बहुतेक फक्त फोटो तरी काढून द्या एवढीच मागणी उरते. तेवढ्यासाठी व्हॉट्सॲपचं बॅकअप रोज रात्री होतंय ना, ते आजच तपासा. गिऱ्हाइकांचे पत्ते त्यातच आहेत.

सेकंड हँड घेऊ का, असं पुढे विचाराल. आपल्या किनाऱ्यावरचा वापरलेला फोन अनोळखी माणसाकडून घेऊ नका, आतला गंज बाहेरून दिसत नाही. घाटावरचा, ओळखीतला, बिलासकट असेल तर घेण्याआधी डायलरवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा. मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. त्या नंबरवर कुठलं मॉडेल नोंदलेलं आहे आणि तो काळ्या यादीत आहे का, ते उत्तर येतं.

नवा घेताना दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन किंमत हजार-दोन हजारांनी कमी दिसेल. ती किंमत दाखवून तुमच्या भागातल्या दुकानदाराला विचारा, बरेच जण जवळपास आणून देतात आणि पुढे अडचणीला तोच उभा असतो. ‘शून्य व्याज’ हप्त्याला प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी असतो का, ते विचारून मगच सही करा. फोन दुकानातच उघडा, दोन्ही सिम घालून एकेक कॉल करा, स्पीकर आणि माइक ऐका, फोन गोल फिरवून नकाशातला बाण फिरतो का बघा. बिल पक्कं घ्या, त्यावर जीएसटी आणि आयएमईआय हवा आणि तो आयएमईआय बॉक्सवरच्या व फोनमधल्या आकड्याशी जुळवून बघा. बिलाचा फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण छापील बिलाची शाई आपल्या हवेत वर्षभरात उडते. वॉरंटीत कोणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवताना तेच बिल लागतं.